दुसरी ट्रॉली

बनुबाई गेल्याचं मला गुरुवारी सकाळी पावणेआठला कळलं. मी तेव्हा अंगणात बुलेटची चेन ताणत बसलो होतो. बनुबाई, माझी बायको, चार दिवसांसाठी सांगलीला आमच्या लेकीकडं, क्रांतीकडं गेली होती आणि शनिवारी मी तिला आणायला जाणार होतो. जावयाचा, जयराजचा फोन आला. तो म्हणाला, मामा, आई झोपेतनं उठल्याच न्हाईत. मी चेन अर्धवट ठेवली आणि गाडी काढली. विटा, तासगाव, सांगली, एकूण साठ किलोमीटर. रस्त्यातलं मला काही आठवत नाही. संध्याकाळी तिला गावाला आणलं. ओढ्याकाठी लाकडं रचताना मी वाकलो, तर खिशातून चेन ताणायचा पाना खाली पडला. सकाळपासून तो माझ्या खिशातच होता. कुणीतरी तो उचलून माझ्या हातात दिला. मी थँक्यू म्हणालो. फौजेची सवय.

फौजेतून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण आमच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. फौजेत माझं काम मोटारसायकलवरून डाक पोचवायचं. लेहला बर्फात गाडी चालवली आहे, राजस्थानात वाळूत चालवली आहे. हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलंय. पुष्कळ वेळा सांगितलंय. पुढं जी अडचण झाली ती त्यामुळंच झाली.

बनुबाई कोयनानगरची. तिचे वडील धरणाच्या कामावर होते, ती तिथल्या कॉलनीत वाढली. भूकंपाच्या गावातली बाई. तिच्या लहानपणी भांडी वाजायला लागली की लोक अंगणात पळायचे आणि ही कूस बदलायची. त्यामुळं गाडीवर मागं बसून तिला भीती अशी कधी वाटली नाही. ती झोपायची. मागच्या सीटवर अंथरायच्या वाकळीची घडी ठेवून ती सुतळीनं बांधायची, एका अंगाला बसायची, आणि विटा सुटलं की तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकायचं.

फक्त उसाच्या दिवसांत ती जागी असायची. आमच्याकडं उसाच्या ट्रॅक्टरला एकामागं एक अशा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पहिली जाते, मध्ये थोडी जागा असते, मग दुसरी येते. फाट्यावर गाडी वळवायला मी थांबलो की मागून दोन बोटं खांद्यावर पडायची. "थांबा, मागं दुसरी हाय." बावीस वर्षं हे एकच वाक्य. मी चिडायचो. लडाखमध्ये शंभर शंभर ट्रकांच्या रांगेतून मी डाक नेली, आणि ही मला ट्रॉल्या मोजायला शिकवते. ती म्हणायची, शंभर मोजल्या तर आता दोन मोजाय काय हुतंय?

ती ऑगस्टमध्ये गेली. डिसेंबरात एकदा मी विट्याहून भाजी घेऊन येत होतो. आमच्या गावाच्या फाट्यावर उजवीकडं वळायचं होतं आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. मी थांबलो. ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, त्याच्यामागं ट्रॉली गेली. रस्ता मोकळा झाला असं समजून मी क्लच सोडला.

कुणी काही बोललं नाही.

दुसरी ट्रॉली माझ्या अंगावरच आली म्हणायचं. ब्रेक कसा लागला मला ठाऊक नाही. पुढचं चाक ट्रॉलीच्या टायरपासून वीतभर लांब राहिलं. बाहेर लोंबणारा एक ऊस माझ्या डोक्यावरून घासत गेला आणि माझी कानटोपी घेऊन गेला. ती कारखान्यावर गेली. तिचं गाळपही झालं असेल. ड्रायव्हरला काही कळलंच नाही, गाणी वाजत राहिली.

मला साधं खरचटलंही नाही. तेच वाईट झालं. हात मोडला असता तर गळ्यात अडकवून फिरलो असतो, लोकांनी चहा पाजला असता. नुसती छातीतली धडधड कुणाला दाखवता येत नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मग उठलो, गाडीवर बसलो, आणि उतरलो. परत बसलो, परत उतरलो. शेवटी गाडी ढकलत गावाकडं निघालो. बुलेट ढकलणं म्हणजे रेडा ओढण्यासारखं आहे, पण ती मला सुरू करावीशी वाटेना.

वेशीजवळ जालिंदरचं गॅरेज आहे. तो बाहेरच उभा होता. त्यानं विचारलं, काय झालं मेजर? लेहला गाडी चालवलेल्या माणसानं काय सांगायचं? मी म्हणालो, पेट्रोल संपलं.

जालिंदरनं लगेच बाटली आणून टाकीत ओतली आणि मी किक मारायची वाट बघत उभा राहिला. मी म्हणालो, डॉक्टरनं थोडं चालायला सांगितलंय. आणि तशीच ढकलत घरी नेली.

तिथून ते सुरू झालं. गाडी घरात ठेवली असती तर लोकांनी विचारलं असतं, मेजर, गाडी काढत न्हाई? म्हणून मी रोज सकाळी ती बाहेर काढायचो आणि रानापर्यंत ढकलत नेऊन परत आणायचो. वाटेत कुणी भेटलं की पेट्रोल संपलेलंच असायचं. आमचं गाव मदतीला फार चांगलं. कुणी नळी लावून स्वतःच्या गाडीतलं काढून दिलं, कुणी घरातून कॅन आणला. आठ दिवसांत टाकी तोंडापर्यंत भरली. ढकलताना झाकणातून पेट्रोल गळायला लागलं. पेट्रोल संपलं म्हणून गाडी ढकलणारा माणूस आणि मागं रस्त्यावर पेट्रोलचे थेंब, हे बरं दिसेना. मग मी प्लग गेलाय म्हणायला लागलो. जालिंदरनं प्लग बदलला. मी कार्बोरेटरचं नाव घेतलं. त्यानं कार्बोरेटर खोलून धुतला, गाडी चालू करून चौकात दोन फेऱ्या मारून आणली आणि म्हणाला, "मेजर, गाडी ठणठणीत हाय. लग्नाला काढा." मी म्हणालो, आता गरम झालीय, जरा गार होऊ दे. आणि ढकलत नेली.

घरी अंगणात गाडी स्टँडवर लावून मी तिच्यावर बसायचो. बॅटरी मरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो. गिअर टाकायचो नाही. दहा मिनिटं झाली की बंद करून उतरायचो, आणि प्रवास करून आल्यासारखा हातपाय धुवायचो.

आमच्या शेजारी दगडाबाई राहते. नात्यानं माझी चुलती, पंचाहत्तरीची. दोन लेक, दोन सुना, भरलेलं घर. दिवसभर ती ओट्यावर बसून असते आणि रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं हे तिला माणूस जवळ यायच्या आधी कळतं. काकीच्या नजरेतनं काय सुटत न्हाई, असं सगळं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो.

जालिंदरनं शेवटी माझ्या मुलाला फोन केला. शिवतेज साताऱ्यात कंपनीत आहे. जालिंदरनं त्याला सांगितलं की मेजर महिनाभर चांगली गाडी ढकलत फिरत्यात, एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. संध्याकाळी शिवतेजचा मला फोन आला. त्यानं प्लगचं विचारलं, पेट्रोलचं विचारलं. मग म्हणाला, आबा, गाडी विकू या. साताऱ्यात एक जण जुनी बुलेट शोधतोय, रविवारी त्याला घेऊन येतो. मी म्हणालो, गाडी चालू आहे. तो म्हणाला, मग चालवा की.

पोरगं वाईट नाही. पाच महिन्यांमागं त्याची आई गेली होती, आता बापाचं काही व्हायला त्याला नको होतं. त्यानं स्वतःच एक तोड काढली. शनिवारी गाडीवरून सांगलीला ताईकडं जा आणि परत या. ताई फोटो पाठवेल. मग मी विकायचं नाव काढणार न्हाई. मी म्हणालो, सांगली काय, लेहला जाऊन येतो.

फोन ठेवला आणि गाडीकडं बघितलं. मागच्या सीटवर वाकळ अजून बांधलेली होती. सुतळीची गाठ बनुबाईनं मारलेली. ती कशी मारायची मला कधी कळलं नाही, चांगली घट्ट बसायची. गाडी विकायची म्हणजे आधी ती गाठ सोडावी लागणार. गिऱ्हाईक काही वाकळीसकट गाडी घेणार नाही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या वेळी दगडाबाईनं ओट्यावरून हाक मारली. "जोतिबा, उद्या सांगलीला चाललायस म्हणं."

"व्हय काकी."

"ढकलत?"

तीच पुढं म्हणाली, "महिना झाला ऐकतीय. चाकांचा आवाज येतोय, इंजनाचा न्हाई. पेट्रोल संपल्यावर माणूस एकदा ढकलतोय, रं. दुसऱ्या दिवशी भरून ठेवतोय."

मग मी तिला सगळं सांगितलं. फाटा, ट्रॉली, कानटोपी. महिन्याभरात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हसली नाही. म्हणाली, मला पण सांगलीला ने. माझं एक काम हाय. पोरांना सांगू नको, क्रांतीला भेटाय जातीय म्हणून मी त्यांना सांगते.

मला ते बरंच वाटलं. मागची सीट रिकामी राहणार नव्हती, आणि गावातली सगळ्यात तेज नजर माझ्या पाठीशी बसणार होती. मी तिला एकच काम सांगितलं. फाटा आला, ट्रॅक्टर आला, की मागं दुसरी ट्रॉली आहे का ते बघून मला सांगायचं. ती म्हणाली, सांगीन की. त्यात काय एवढं?

सकाळी नऊ वाजता निघालो. काकी नवं लुगडं नेसून आली. सीट हातानं चाचपली आणि विचारलं, वाकळीवर बसू का रं? ऑगस्टपासून तिथं कुणी बसलं नव्हतं. मी म्हणालो, बसा, बसायलाच बांधलीय. तीन वेळा गाडी जागेवर बंद पडली. चौथ्या वेळी निघाली. वेशीजवळ जालिंदर हातात पेट्रोलची बाटली घेऊन उभा होता. आम्ही त्याच्यासमोरून गेलो तेव्हा तो बाटली खाली ठेवायची विसरला. गाडीचा वेग एवढा होता की सायकलवरून शाळेला निघालेली एक पोरगी आमच्या पुढं गेली, आणि जाताना तिनं मला पेट्रोल हवंय का विचारलं.

फाट्यावर आलो. ट्रॅक्टर यायला आणि आम्ही पोचायला एकच गाठ पडली. मी थांबलो. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली.

"काकी, मागं दुसरी हाय का?"

"न्हाई. जा."

मी क्लच सोडायला गेलो, पण हात ऐकेना. भीतीनं म्हणा, नशिबानं म्हणा, बोटं तशीच आवळून राहिली. आणि माझ्या डोळ्यांसमोरून दुसरी ट्रॉली सावकाश निघून गेली.

मी गाडी बंद केली. विचारलं, "काकी, ती काय व्हती?"

"कोण?"

"आत्ता गेली ती. दुसरी ट्रॉली."

काकी म्हणाली, "मला वाटलं, पहिलीच अजून चाललीय."

मग सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षं झाली. तिला फक्त माझी पाठ दिसत होती, तीही पांढरा शर्ट घातला म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पायांच्या आवाजावरून ओळखायची, खोकल्यावरून ओळखायची, चपलेवरून ओळखायची. घरात सांगितलं असतं तर सुनांनी चूल काढून घेतली असती, मग नुसतं ओट्यावर बसून खायचं. सांगलीचं काम म्हणजे डोळ्यांचा दवाखाना होता.

मला राग आला. मी म्हणालो, मग दिसत नव्हतं तर न्हाई, जा, कशाला म्हणालात? आत्ता दोघंबी गेलो असतो.

"तू भरवशानं इचारलंस. दिसत न्हाई म्हणाय जिवावर आलं." मग म्हणाली, "तू बी पेट्रोल संपलं म्हणालासच की."

दोघं फाट्यावर तसेच बसून राहिलो. एक जण गाडी थांबवून म्हणाला, पेट्रोल पाहिजे का? मी त्याला हात जोडले.

शेवटी काकीच म्हणाली, "असं कर. मला बघता येत न्हाई, पर बोलता येतंय. मी मोज म्हणते, तू मोज."

आता मागं वळून गावात जायचं तर वेशीवर जालिंदर होता. पुढं सांगली होती. मी किक मारली.

पुढचा ट्रॅक्टर विट्याच्या अलीकडं भेटला. काकी म्हणाली, मोज. मी मोठ्यानं म्हणालो, एक. थांबलो. दोन. गेली. काकी म्हणाली, मग चल. गाडी वळली.

मात्र काकीला दिसत नसल्यामुळं ट्रॅक्टर कुठला आणि बाकीचं कुठलं, हे तिला कळत नव्हतं. कसलाही आवाज आला की ती मोज म्हणायची. तासगावात बाजाराची गर्दी होती. मी एक एस.टी. मोजली, चार रिक्षा मोजल्या, दोन म्हशी मोजल्या, एक वरात मोजली. वरातीतले लोक माझ्याकडं बघायला लागले. तासगावच्या पुढं एका ट्रॅक्टरला एकच ट्रॉली होती. ती गेल्यावर मी दुसरीची वाट बघत उभा राहिलो. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एक टेंपोवाला खाली उतरून आला आणि म्हणाला, काका, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, दुसरी येणार आहे. त्यानं रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि जाऊन गप्प टेंपोत बसला.

सांगलीत हळदीचा वास यायला लागला तेव्हा काकी म्हणाली, आलं व्हय रं? मोजायचं बंद करू का? मी म्हणालो, आता कराच.

दवाखान्यात डॉक्टरनं पुढच्या मंगळवारी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं. तिथून क्रांतीकडं गेलो. गाडीचा आवाज ऐकून क्रांती दारात आली. वाकळीवर कुणीतरी बसलेलं बघून ती उंबऱ्यातच थांबली. मग आत जाऊन चहा टाकला, आणि चहा व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. निघताना तिनं आम्हाला परत गाडीवर बसवून फोटो काढला. त्यात मी ताठ बसलोय आणि काकी विजेच्या खांबाकडं बघून हसतेय. शिवतेजचा लगेच फोन आला. त्यानं पहिलं विचारलं, मागं कोण बसलंय?

परत येताना ऊन उतरलं होतं. तासगाव सोडल्यावर काकीचं मोज ऐकू येईना. मी हाक मारली, उत्तर नाही. तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं होतं, झोपली होती. आमच्या फाट्यावर ट्रॅक्टर आला. मी थांबलो, मनातल्या मनात मोजलं, दुसरी गेल्यावर गाडी वळवली. तिला जाग आली ती घरासमोर.

रविवारी शिवतेज त्या साताऱ्याच्या माणसाला घेऊन आलाच. सांगलीला माझ्यानं जाणं व्हायचं नाही असं धरून त्यानं आधीच ठरवलं होतं, आणि नको म्हणायला उशीर झाला होता. माणूस चांगला होता. त्यानं गाडी सगळीकडून बघितली, किक मारली, खूश झाला. टाकीचं झाकण उघडून म्हणाला, टाकी एवढी भरलेली कशी? जालिंदर तिथंच होता, तो खाली बघायला लागला. मग त्या माणसानं मागच्या सीटला हात लावला आणि म्हणाला, हे सोडून सीट बघतो.

"सोडू नका," शिवतेज म्हणाला. "ती गाठ परत मारता येत न्हाई."

त्या माणसाला चहा देऊन, साताऱ्याच्या गाडीचं तिकीट काढून देऊन त्यानं पाठवून दिलं. शिवतेजनं संध्याकाळी माझ्यासाठी नवी कानटोपी आणली. लाल रंगाची, लांबून दिसावी म्हणून.

मंगळवारी काकीचं ऑपरेशन झालं. घरात सगळं कळलं, पण सुनांनी चूल काढून घेतली नाही. उलट एक सून म्हणाली, दोन वर्षं भाजीत मीठ दोनदा का पडत होतं ते आता कळलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि तिला आणायला मी बुलेट घेऊन एकटाच सांगलीला गेलो. ती दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली. माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "तू एवढा म्हातारा झालास व्हय रं?" मग रस्त्याकडं बघितलं, रिक्षा, बस, ट्रक, त्यामधून वाट काढत जाणाऱ्या मोटारसायकली, सगळं नीट बघितलं. आणि एस.टी.नं गावाला गेली. दिसत नव्हतं तोवर बसले, आता बसायची न्हाई म्हणाली.

तेव्हापासून मी एकटाच जातो. रानात जातो, विट्याला जातो, महिन्यातून एकदा क्रांतीकडं जातो. मोजतो. कुणी बघत नसेल तर मोठ्यानं मोजतो.

बनुबाईला कोयनानगर परत एकदा बघायचं होतं. लहानपणीचं क्वार्टर आहे का पाडलं, तेवढं बघून येऊ, असं ती दरवर्षी दिवाळीनंतर म्हणायची. मी म्हणायचो, घाटातला रस्ता खराब आहे, पुढच्या वर्षी जाऊ. क्वार्टरचा नंबर तिला पाठ होता. मी कधी विचारून ठेवला नाही. तिच्या भावाला तो माहीत असेल. त्याला फोन करायचा राहिलाय, आणि कोयनानगरलाही जायचं राहिलंय.